मक्तेदारी कालांतरानें झिजते काय ?

एखादा व्यापारी बाजारांत इतका बलिष्ठ झाला कीं त्याच्या वस्तूवांचून कोणाचें चालेनासें झालें, म्हणजे लोकांत दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, सरकारनें त्यास वेळींच आवर घालावा. बळी तो कान पिळी हा न्याय ठरलेलाच आहे. दुसरा पक्ष म्हणतो, घाई कशाला ? मोठमोठीं साम्राज्यें मातीस मिळालीं, तेथें एका कंपनीची काय कथा ! आज जें यंत्र नवलाचें वाटतें तें उद्यां अडगळींत पडेल आणि त्याबरोबर त्याच्या मालकाची मिरासहि संपेल. हा दुसरा पक्ष ऐकावयास मोठा समंजस वाटतो. त्यांत कोणावर जुलूम नाहीं, कोर्टकचेरी नाहीं, खर्च नाहीं. नुसती वाट पाहावयाची. परंतु तो खरा आहे काय, हें नुसत्या तर्कानें ठरविण्यापेक्षां घडलेल्या गोष्टींवरून ताडून पाहणें बरें. सुदैवानें यंत्रविद्येच्या इतिहासांत या प्रश्नाची जणूं एक परीक्षाच झालेली आहे.

त्या परीक्षेचा दिवस होता शुक्रवार, ता. ८ जानेवारी १९८२. त्या दिवशीं अमेरिकेच्या सरकारनें दोन प्रचंड खटल्यांचा शेवट एकदम केला. एक खटला होता अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ म्हणजे ए. टी. अँड टी. या कंपनीवर, दुसरा संगणक करणाऱ्या आय. बी. एम. कंपनीवर. दोन्ही मक्तेदारीचेच, आणि सरकारच्या वतीनें दोन्हींचा निर्णय घेणारा अधिकारीहि एकच, विल्यम बॅक्स्टर. पहिल्यांत कंपनीनें आपले तुकडे करून घेण्यास संमति दिली. दुसऱ्यांत सरकारनेंच खटल्यांत अर्थ उरला नाहीं असें सांगून तो मागें घेतला. एकीवर शस्त्रक्रिया झाली, दुसरी काळाच्या स्वाधीन केली गेली. या गोष्टीला आतां चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, तेव्हां दोन्ही रोग्यांची पुढची प्रकृति तपासून पाहण्यास हरकत नाहीं.

आधीं टेलिफोनची हकीकत. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस ता. ७ मार्च १८७६ रोजीं टेलिफोनचें पेटंट मिळालें. पेटंट ही देखील मक्तेदारीच. मात्र ती कायद्यानें दिलेली आणि मुदतीची. त्या काळीं अमेरिकेंत ही मुदत १७ वर्षांची असे. संशोधकास त्याच्या श्रमाचें फळ मिळावें आणि पुढें ती विद्या सर्वांची व्हावी, असा त्या कायद्याचा हेतु. प्रारंभीं वेस्टर्न युनियन या तारायंत्राच्या बलाढ्य कंपनीनें एडिसन व एलिशा ग्रे यांच्या युक्त्या घेऊन टेलिफोनच्या धंद्यांत उडी घेतली होती. तिच्यापुढें बेलची कंपनी म्हणजे हत्तीपुढें शेळी. परंतु शेळीच्या हातीं पेटंट होतें. दावा लागला, आणि १८७९ सालीं तडजोड होऊन वेस्टर्न युनियनला या धंद्यांतून अंग काढून घ्यावें लागलें.

येथपर्यंत विशेष कांहीं नाहीं. बेलचीं मुख्य पेटंटें १८९३ व १८९४ सालीं संपलीं, आणि काळावर भरंवसा ठेवणाऱ्यांच्या मताप्रमाणें जें व्हावयास पाहिजे होतें तें तंतोतंत झालें. गांवोगांवीं स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या. जेथें फायदा नाहीं म्हणून बेल कंपनीनें तारा नेल्या नव्हत्या तेथें शेतकऱ्यांनीं आपसांत वर्गणी काढून खांब उभे केले. कोठें कोठें तर शेताच्या कुंपणाची कांटेरी तारच टेलिफोनच्या कामीं लावली. दर उतरले. १९०७ च्या सुमारास देशांतील जवळजवळ निम्मे टेलिफोन या स्वतंत्र कंपन्यांचे होते. मक्तेदारी आपल्या मुदतीनें संपली, असें त्या वेळीं कोणीहि छातीठोकपणें सांगितलें असतें.

त्याच वर्षीं थिओडोर व्हेल हा गृहस्थ बेलच्या गोतावळ्यांतील मुख्य कंपनीचा, म्हणजे ए. टी. अँड टी. चा, अध्यक्ष होऊन आला. त्यानें एक गोष्ट नीट ओळखली होती. टेलिफोन ही वस्तु साबणाच्या वडीसारखी नाहीं. शेजाऱ्यानें कोणता साबण घेतला यावर आपल्या साबणाचा फेंस अवलंबून नसतो. टेलिफोनचें मात्र सारें मोल दुसऱ्याजवळ टेलिफोन आहे कीं नाहीं यावर. थोडें गणित केलें तर हें लगेच ध्यानांत येईल. दहा घरें एका जाळ्यांत जोडलीं तर त्यांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात ४५. शंभर घरें जोडलीं तर जोड्या होतात ४,९५०. घरें दसपट झालीं, पण जोड्या शंभरपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे ज्याचें जाळें मोठें त्याच्याकडे नवें गिऱ्हाईक आपोआप ओढलें जातें, आणि तें गेलें म्हणजे जाळें आणखी मोठें होतें. उताराकडे धांवणाऱ्या पाण्यासारखी ही गति आहे. येथें काळ मक्तेदाराचा वैरी नसून त्याचा पगारी चाकर ठरतो.

व्हेलनें या गतीचा पुरा उपयोग करून घेतला. दूरच्या शहरांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या तारा बेलच्या हातीं होत्या. स्वतंत्र कंपन्यांना त्या तारांवर येऊं देण्याचें तो नाकारी. ज्या गांवच्या कंपनीचें गिऱ्हाईक शिकागोशीं बोलूं शकत नाहीं ती कंपनी कोठवर टिकणार ? ती डबघाईस आली म्हणजे बेल तिला विकत घेई. १९०९ सालीं तर त्यानें वेस्टर्न युनियनचाहि ताबा मिळविला. तीस वर्षांपूर्वींचा हत्ती आतां शेळीच्या दावणीला बांधला गेला! एक धोरण, एक यंत्रणा आणि सर्वांना सेवा, हें त्याचें ब्रीदवाक्य होतें, आणि तें निव्वळ ढोंग होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्या शहरांत दोन कंपन्या होत्या तेथें दुकानदाराला मेजावर दोन यंत्रें ठेवून दोन भाडीं भरावीं लागत, कारण अर्धीं गिऱ्हाइकें एका जाळ्यांत तर अर्धीं दुसऱ्यांत. स्पर्धेचें हें रूप कोणालाच सुखाचें नव्हतें. सरकारनें डोळे वटारल्यावर १९१३ सालीं कंपनीनें वेस्टर्न युनियन सोडून दिली, स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारांवर घेण्याचें कबूल केलें, आणि त्या मोबदल्यांत तिचें उरलेलें राज्य निर्वेध झालें. १९२१ च्या कायद्यानें तर टेलिफोन कंपन्यांच्या एकीकरणास मोकळीकच दिली. पेटंटाची मुदत १७ वर्षांची होती. जाळ्याला मुदतच नव्हती.

या राज्याचा कारभार कसा होता ? यंत्रें मजबूत, सेवा चोख, आणि संशोधनाला पैशाची वाण नाहीं. १९२५ सालीं स्थापन झालेल्या बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर जन्मास आला. त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली यांना १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या सर्व विद्युत्‌यंत्रांचा हा मूळ कण. मक्तेदारीच्या नफ्यांतूनच तो निपजला, हें तिच्या टीकाकारांनीं विसरूं नये.

पण त्याच घराची दुसरी बाजूहि पाहावयास हवी. घरांतील काळें टेलिफोन-यंत्र कंपनीचें. गिऱ्हाइकानें तें विकत घ्यावयाचें नाहीं, महिन्याच्या महिन्याला भाडें भरावयाचें. त्या यंत्राला परकी वस्तु जोडावयाची नाहीं, हा नियम. एका लहान कंपनीनें टेलिफोनच्या तोंडाशीं बसविण्याचा एक पेल्यासारखा पडदा काढला होता. त्यांत तोंड घालून बोललें म्हणजे बोलणें शेजारच्याला ऐकूं जात नसे. 'हश-ए-फोन' असें त्याचें नांव. त्यांत वीज नाहीं, तार नाहीं, कसलेंहि यंत्र नाहीं, केवळ वाटी! तरीहि टेलिफोन कंपनीनें त्याला मनाई केली. १९४८ सालीं त्या लहान कंपनीनें फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे तक्रार केली, सात वर्षांनीं कमिशनचा निर्णय तिच्या विरुद्ध गेला, आणि अखेर १९५६ सालीं अपील कोर्टानें तिच्या बाजूनें कौल दिला. एका वाटीसाठीं आठ वर्षें ! ज्याच्याजवळ वाटीहून अधिक कांहीं नवें असेल त्यानें या कंपनीच्या दारीं जाण्याचें धाडस काय म्हणून करावें ? किंबहुना स्वतःच्या घरांतील नव्या गोष्टीहि कंपनी झांकून ठेवी. १९३० नंतरच्या दशकांत तिच्याच प्रयोगशाळेंत क्लॅरेन्स हिकमन यानें चुंबकीय फितीवर निरोप नोंदवून ठेवणारें यंत्र केलें होतें. परंतु आपलें बोलणें नोंदलें जाईल या भीतीनें लोक टेलिफोनवर बोलावयाचे थांबतील, असें वरिष्ठांना वाटलें आणि तें काम दडपलें गेलें. मक्तेदारीनें काय दिलें तें दिसतें. तिनें काय होऊं दिलें नाहीं तें दिसत नाहीं. हिशेब करतांना ही अडचण नेहमींच येते, आणि बहुधा दिसणाऱ्या बाजूचेंच पारडें जड होतें.

ट्रान्झिस्टरची विद्याहि बाहेर गेली ती केवळ औदार्यानें नव्हे. सरकारनें १९४९ सालीं कंपनीवर दावा लावला होता, त्याचें सावट डोक्यावर असतां १९५२ सालीं तिनें २५,००० डॉलर घेऊन इतरांना परवाने देण्यास सुरुवात केली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि जपानांतील जी कंपनी पुढें सोनी या नांवानें प्रसिद्ध झाली ती, या दोघींनींहि असे परवाने घेतले. १९५६ च्या तडजोडीनें तर कंपनीचीं त्या दिवसापर्यंतचीं पेटंटें बहुतेकांना विनाशुल्क वापरावयास मिळालीं, आणि टेलिफोनसेवेखेरीज अन्य धंद्यांत शिरावयाचें नाहीं असें बंधन तिच्यावर आलें. संगणकाचा धंदा कंपनीच्या हातीं गेला नाहीं याचें एक कारण हें बंधन होय.

मग या मक्तेदारीला तडा गेला कोठून ? कांहीं अंशीं नव्या विद्येनें गेला खरा. दुसऱ्या महायुद्धांत रडारमुळें सूक्ष्मलहरींची विद्या पुढें आली, आणि शेंकडों मैल तारा न ओढतां मनोऱ्यावरून मनोऱ्यावर बोलणें पाठविणें शक्य झालें. एम. सी. आय. नांवाच्या एका छोट्या कंपनीनें १९६३ सालीं शिकागो ते सेंट लुइस अशी मनोऱ्यांची माळ उभारण्याची परवानगी मागितली. ती मिळाली १९६९ सालीं. पण मनोरा शहराच्या वेशीपर्यंत पोंचला तरी तेथून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंतची तार बेलचीच ! ती जोडून घेण्यासाठीं पुन्हां भांडण. मधल्या काळांत, १९६८ सालीं, टेक्सासच्या टॉम कार्टर यांनीं बिनतारी संच टेलिफोनला जोडण्याचा हक्क कमिशनकडून मिळविला, आणि परकी वस्तु जोडूं नये हा जुना नियम मोडला. पुढें फॅक्सयंत्रें, निरोप नोंदणारीं यंत्रें आणि संगणकाला टेलिफोनच्या तारेवर बोलावयास शिकविणारे मोडेम घरोघर लागले ते या दरवाजांतून. तात्पर्य, नवी विद्या दाराशीं येऊन उभी होती. कडी काढावयास मात्र दर खेपेस कोणी तरी न्यायाधीश किंवा कमिशन लागलें.

१९७४ सालीं सरकारनें तिसऱ्यांदा मोठें शस्त्र उचललें. न्यायमूर्ति हॅरल्ड ग्रीन यांच्यापुढें खटला चालला, आणि वर सांगितल्याप्रमाणें १९८२ सालीं समेट झाला. त्या वेळीं देशांतील सुमारें चार-पंचमांश टेलिफोन या एका संस्थेचे असून तिच्या चाकरींत सुमारें दहा लक्ष माणसें होतीं. ता. १ जानेवारी १९८४ रोजीं तिचे तुकडे झाले. गांवांतील तारा सात प्रांतिक कंपन्यांकडे गेल्या. लांब पल्ल्याचा धंदा व कारखाने मूळ कंपनीकडे राहिले. पहिलें पेटंट मिळाल्यापासून हा दिवस उजाडेपर्यंत १०८ वर्षें गेलीं.

आतां दुसरा रोगी. आय. बी. एम. चें मूळ छिद्रें पाडलेल्या कार्डांवर हिशेब करणाऱ्या यंत्रांत आहे. हर्मन हॉलेरिथ याच्या अशा यंत्रांवर अमेरिकेची १८९० ची खानेसुमारी मोजली गेली. अनेक कंपन्या मिळून १९११ सालीं जी कंपनी बनली तिनें १९२४ सालीं आय. बी. एम. हें नांव धारण केलें. यंत्र विकावयाचें नाहीं, भाड्यानेंच द्यावयाचें, आणि कार्डेंहि आपलींच घ्यावयास लावावयाचीं, ही तिची रीत. कार्डांची सक्ति १९३६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें बेकायदा ठरविली, आणि १९५६ सालीं यंत्रें भाड्याबरोबर विकण्याचेंहि बंधन तिच्यावर आलें. तिची खरी भरभराट झाली ती १९६४ सालीं बाहेर आलेल्या 'सिस्टिम/३६०' या संगणकांच्या कुळानें. लहान यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली त्याच कुळांतील मोठ्या यंत्रावरहि चाले, ही त्यांतील खुबी. गिऱ्हाइकाला ही फार सोयीची. पण तीच त्याच्या पायांतील बेडी. एखाद्या पेढीनें दहा वर्षें खपून आपल्या सर्व हिशेबांच्या आज्ञावल्या या कुळासाठीं लिहवून घेतल्या, म्हणजे दुसऱ्याचें यंत्र निम्म्या किंमतीला मिळत असलें तरी घेतां येईना. कारण सर्व लिखाण पुन्हां पहिल्यापासून करावें लागे. त्या धंद्यांत लोक आय. बी. एम. व तिच्या सात स्पर्धकांना विनोदानें राजकन्या आणि सात बुटके या गोष्टीची उपमा देत. भारतांतहि अमेरिकेंत जुनीं झालेलीं तिचीं यंत्रें दुरुस्त करून भाड्यानें दिलीं जात असत. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणें आपली मालकी कमी करणें तिला मान्य झालें नाहीं, तेव्हां १९७८ सालीं तिनें येथून बिऱ्हाड हलविलें.

ता. १७ जानेवारी १९६९ रोजीं अमेरिकन सरकारनें तिच्यावर खटला भरला. प्रत्यक्ष सुनावणी सुरू झाली १९७५ सालीं. साक्षीजबान्यांचीं पृष्ठें लाखाहून अधिक झालीं. कागद वाढत गेले आणि बाजार बदलत गेला. ता. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. नेंच आपला घरगुती छोटा संगणक विक्रीस काढला, त्यानंतर पांच महिन्यांनीं सरकारनें खटला मागें घेतला. बैल गेला आणि झोपा केला या म्हणीची ही आवृत्ति म्हणावी, तर येथें झोपा पुरा होण्याच्या आंतच बैल गेला !

आणि तो खरोखरच गेला. छोट्या संगणकाची घाईनें जुळणी करतांना आय. बी. एम. नें त्याचा मेंदू इंटेलकडून आणि चालक आज्ञावली मायक्रोसॉफ्ट नांवाच्या लहानशा कंपनीकडून घेतली होती. ती आज्ञावली दुसऱ्यांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टनें स्वतःकडे ठेवला. थोड्याच काळांत कॉम्पॅक आदि कंपन्यांनीं हुबेहूब तसे संगणक काढले, आणि सत्ता यंत्र करणाराकडून आज्ञावली करणाराकडे गेली. १९९३ या एका वर्षांत आय. बी. एम. ला सुमारें ८ अब्ज डॉलर तोटा झाला. बॅक्स्टर यांचें म्हणणें खरें ठरलें, असें काळाचे कैवारी या ठिकाणीं टाळी वाजवून सांगतात.

त्यांची टाळी अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु दोन गोष्टी ते सोयीस्करपणें विसरतात. पहिली ही कीं, खटला चालू होता तेवढीं वर्षें आय. बी. एम. जपून पाऊल टाकीत होती. १९६९ सालीं खटल्याच्या छायेंतच तिनें आज्ञावली व यंत्र यांची किंमत निरनिराळी लावण्याचें जाहीर केलें. पूर्वीं आज्ञावली यंत्राबरोबर फुकट मिळे, तेव्हां ती स्वतंत्रपणें विकणाराला बाजारच नव्हता. तो बाजार यामुळें खुला झाला. मायक्रोसॉफ्टचें बियाणें ज्या मातींत रुजलें ती माती या नांगरणीची होती. निकाल न लागलेला खटलाहि कधीं कधीं असें काम करून जातो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आय. बी. एम. ची मक्तेदारी जेथें होती तेथें ती झिजलीच नाहीं. मोठ्या संगणकांच्या धंद्यांत ती आजहि जवळजवळ एकटीच उभी आहे; जगांतील अनेक मोठ्या बँकांचे व्यवहार आजहि तिच्या त्या कुळांतील यंत्रांवर होतात, आणि १९६४ च्या बेडीचीच ती पुढची कडी आहे. फरक झाला तो इतकाच कीं, त्या वाड्याभोंवतीं पूर्वीं ओसाड माळ होता, तेथें नवें शहर वसलें आणि वाडा एका पेठेपुरता उरला. वाड्याचा मालक तोच, वाड्यांतील भाडेकरीहि तेच. त्यांच्या भाड्याला काळानें हात लावला नाहीं. काळानें शेजारीं वस्ती वाढविली एवढेंच.

टेलिफोन आणि संगणक यांतील भेद येथेंच आहे. नव्या वस्तीकडे जाणारा रस्ता आय. बी. एम. च्या अंगणांतून जात नव्हता. ज्याला छोटा संगणक करावयाचा त्याला तिची परवानगी लागत नसे. टेलिफोनच्या बाबतींत प्रत्येक घराकडे जाणारी वाटच मक्तेदाराची. म्हणून सूक्ष्मलहरी आल्या तरी त्यांना वेशीवर थांबावें लागलें. तेव्हां एखादी मक्तेदारी काळानें जाईल काय, असा प्रश्न कोणी विचारला तर उलट विचारावें कीं तिच्या शेजारीं नवी वस्ती होऊं शकते काय, आणि त्या वस्तीचा रस्ता कोणाच्या मालकीचा आहे ?

मुंबईकरांना ही हकीकत अगदींच परकी नाहीं. एडिसन आणि बेल यांच्या हक्कांच्या पायावर लंडनमध्यें १८८१ सालीं निघालेल्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीनें दुसऱ्याच वर्षीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. १९४३ सालीं मुंबईचा टेलिफोन सरकारच्या ताब्यांत आला, आणि १९८६ सालीं मुंबई व दिल्ली यांसाठीं महानगर टेलिफोन निगम स्थापन झालें. मालक बदलले, एकहातीपणा राहिला. अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहणारीं कुटुंबें मध्यमवर्गांत घरोघर होतीं, आणि यंत्र बसलें म्हणजे चाळींत पेढे वाटले जात. हा अनुशेष शंभर वर्षांच्या काळानें फेडला नाहीं. १९९४ च्या धोरणानें खाजगी कंपन्यांना वाट दिली, १९९५ सालीं भ्रमणध्वनि आला, आणि घराघरांत नेलेल्या तारेची गरजच उरली नाहीं. येथेंहि विद्या नवी होती खरी, पण ती परदेशांत दहा-बारा वर्षें आधीं रूढ झालेली. तिला या देशांत पाऊल टाकण्यास धोरण बदलण्याची वाट पाहावी लागली.

मायक्रोसॉफ्टची कथा या दोहोंच्या मधली आहे. तिनें आय. बी. एम. चा धडा नीट गिरविला होता. नवी वस्ती कोठें होणार तें तिला दिसत होतें. १९९४ च्या अखेरीस नेटस्केपनें इंटरनेट पाहण्याची खिडकी बाजारांत आणली, तेव्हां मायक्रोसॉफ्टनें स्वतःची खिडकी विंडोजबरोबर फुकट दिली आणि संगणक विकणारांना करारांनीं बांधून घेतलें. १९९८ सालीं खटला झाला. २००० सालीं न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं तिचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. २००१ सालीं अपील कोर्टानें बेकायदा वागणुकीचा दोष कायम ठेवला पण तुकड्यांचा हुकूम रद्द केला. विंडोज आजहि मेजावरच्या बहुसंख्य संगणकांत आहे. मात्र १९९८ सालींच निघालेल्या गूगलला कोणी वाटेंत अडविलें नाहीं. तें खटल्याच्या धाकामुळें, कीं मायक्रोसॉफ्टच्या गाफिलपणामुळें, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पहिलें कारण बळकट दिसतें. ज्या कंपनीनें एका खिडकीसाठीं एवढा खटाटोप केला ती, हात मोकळे असते तर, दुसऱ्या वेळीं स्वस्थ बसती असें मानण्यास भोळेपणा फार लागेल.

शस्त्रक्रिया झालेल्या पहिल्या रोग्याचें पुढें काय झालें तेंहि सांगावयास पाहिजे. सात लेकरांनीं कालांतरानें पुन्हां एकमेकांस विकत घेण्यास आरंभ केला. त्यांतील दोन मिळून व्हेरायझन या कंपनीचा मुख्य भाग झाला. दुसऱ्या एका लेकरानें आपल्या दोन भावंडांना पोटांत घेऊन २००५ सालीं प्रत्यक्ष आईलाच विकत घेतलें, तिचें ए. टी. अँड टी. हें नांव स्वतः धारण केलें, आणि पुढल्या वर्षीं आणखी एक भावंड गिळलें. काळ मक्तेदारी झिजवितो तसा तो जोडतोहि ! मात्र १९८४ पूर्वींची स्थिति परत आली नाहीं. दूरच्या गांवीं बोलण्याचे दर जे खालीं आले ते पुन्हां चढले नाहींत, आणि बिनतारी वाटा अनेकांच्या झाल्या.

आज हाच प्रश्न गूगलपुढें आहे. २०२० सालीं दाखल झालेल्या खटल्यांत न्यायमूर्ति अमित मेहता यांनीं ऑगस्ट २०२४ मध्यें असा निर्णय दिला कीं शोधयंत्राच्या धंद्यांत गूगलनें आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनीं टिकविली. भ्रमणध्वनींवर व इतरत्र आपलेंच शोधयंत्र आधीपासून बसविलेलें असावें यासाठीं कंपनीनें २०२१ या एका वर्षांत २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, असें सुनावणींत उघड झालें. रस्त्यावर नाका बांधावयाचा आणि नाक्याचा मक्ता टिकविण्यासाठीं वाटेवरच्या घरमालकांना वार्षिक द्यावयाचें, असा हा प्रकार. सरकारनें तुकडे मागितले होते. परंतु सप्टेंबर २०२५ मध्यें न्यायमूर्तींनीं क्रोम विकावयास लावण्याचें नाकारलें. गूगलनें आपलेंच यंत्र असावें असे एकांगी करार करूं नयेत आणि शोधाच्या माहितीचा कांहीं भाग स्पर्धकांना द्यावा, असा हुकूम केला. पैसे देण्यास मात्र सरसकट बंदी घातली नाहीं. हा सौम्यपणा कां, याचीं कारणें देतांना त्यांनीं कृत्रिम बुद्धीच्या नव्या यंत्रांचा आवर्जून उल्लेख केला : खटला सुरू झाला तेव्हां नसलेले प्रतिस्पर्धी आतां उभे राहिले आहेत. बॅक्स्टर यांच्याप्रमाणें त्यांनीहि पुष्कळ भार काळावर टाकला. पण बॅक्स्टर यांनीं आय. बी. एम. ला मोकळें सोडलें होतें, आणि येथें नाक्याच्या कराराला हात घातला गेला आहे. त्या नव्या यंत्रांपैकीं एक मोठें यंत्र स्वतः गूगलचेंच आहे.